लेखनिकाने सुधारू नये

३ नोव्हेंबर

दादा,

'सप्रेम नमस्कार' वगैरे काही लिहीत नाही. नमस्कार राहू दे आणि प्रेमाचं नंतर बघू. राग अजून गेलेला नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्ये एखादं गोड वाक्य आलंच तर तू उगाच हुरळून जायला नको.

हे पत्र मी स्वतः टाइप केलंय. आता माझ्याकडे बोलणारा कॉम्प्युटर आहे. अक्षर दाबलं की तो ते मोठ्याने म्हणतो, आणि मी चुकले की चुकलेलंच म्हणतो. आपल्या पदरचं काही घालत नाही. मला तो फार आवडतो.

पत्र लिहायला कारण झाल्या आमच्या विभागप्रमुख मॅडम. त्या आम्हाला मानवी हक्क शिकवतात. परवा वर्गात म्हणाल्या, "पुस्तकं मिटा. तुमचा कुठला हक्क कुणी हिरावून घेतला, ते एकेकाने उठून सांगा." मुलं काय काय बोलली! एकाला कुणी भाड्याने खोली देत नव्हतं, एकीच्या वडिलांना कारखान्यातून कारण न सांगता काढलं होतं, एकीला शिकायचं म्हणून घर सोडून यावं लागलं होतं. मग माझी पाळी आली. सगळे सावरून बसले, आता ही डोळ्यांचं काहीतरी बोलणार आणि आपल्याला रडू येणार. मी उठले आणि म्हणाले, "माझा चुकण्याचा हक्क. माझ्या भावाने घेतला."

वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "असा हक्क यादीत नाही, बाळ."

नसेना का. यादी करणाऱ्यांना तुझ्यासारखा भाऊ नसेल.

तुझी बाजू तुला माहीत आहे. माझी बाजू तू ऐकूनच घेतली नाहीस, बॅग भरून चालता झालास. म्हणून आता सगळी ऐक. बाबा गेले, तू शाळा अर्धवट सोडून गॅरेजात लागलास आणि मी शिकत राहिले. ब्रेलमधली पुस्तकं मिळायची नाहीत, तेव्हा कामावरून आलास की साबणाने हात घासून तूच मला वाचून दाखवायचास. हातांना पेट्रोलचा वास आणि तोंडात इतिहास. शालांत परीक्षेला माझा रायटर म्हणून तूच बसलास. रायटर उमेदवारापेक्षा कमी शिकलेला लागतो, तेव्हा तू नियमात बरोबर बसत होतास. मी सांगायचं आणि तू लिहायचं. मी केंद्रात पहिली आले. शाळेत सत्कार झाला, आई व्यासपीठावर बोलायला उभी राहिली आणि नुसतीच रडून खाली बसली.

पण इतिहासात एका प्रश्नाचे गुण गेले होते. ते उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. मी हट्टाने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि शेजारच्या काकूंना वाचायला बसवलं. काकू वाचत गेल्या, मी ऐकत गेले, आणि ते उत्तर माझं नव्हतंच. त्याच्या पुढचंही नव्हतं. जिथे मी चुकले होते तिथे तू सुधारलं होतंस आणि जिथे मी बरोबर होते तिथेही अतिशहाण्यासारखं सुधारून ठेवलं होतंस! तुला विचारलं तर म्हणालास, "तुझ्या भल्यासाठीच केलं ना?" त्यावर मी जे बोलले ते आईने अजून मला माफ केलेलं नाही. आठवडाभरात तू परगावच्या गॅरेजात नोकरी धरलीस.

तर माझी बाजू ही. उत्तर पाठवायची गरज नाही.

तुझी
लवंगी

(मिरचीवरून हे नाव तूच ठेवलंस म्हणून लिहिलं. लाडाने नाही.)


२१ डिसेंबर

दादा,

उत्तर पाठवायची गरज नाही म्हटलं, तर ते तू खरंच मानलंस. मी सांगितलेलं जसंच्या तसं करायला तुला बरी हीच वेळ सापडली!

मॅडमनी निबंध दिलाय, 'माणूस असणे म्हणजे काय'. बाकीची मुलं ग्रंथालयात जाऊन जाडजूड पुस्तकं काढतायत. मला ग्रंथालयात जायची गरज पडली नाही, मी नुसती रस्त्याने चालते. कालचीच गोष्ट. फाटकापाशी मी मैत्रिणीची वाट बघत उभी होते. एका सद्गृहस्थांनी काही न विचारता माझा दंड धरला आणि मला रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. "जपून जा हं," असं वर म्हणाले. मला जायचंच नव्हतं रे कुठे. त्यांच्या खाती पुण्य जमा झालं आणि मी पलीकडच्या फुटपाथवर अडकले.

हॉटेलात गेलं की वेटर मैत्रिणीला विचारतो, "ह्या काय घेणार?" मी तिथेच बसलेली असते, तोंडासकट. एकदा मीही मैत्रिणीला म्हटलं, "त्यांना सांग, ह्या चहा घेणार. आणि विचार, त्यांना ऐकू येतं ना?" वेटर बिचारा ओशाळला. मग चहा त्याने माझ्याच पुढ्यात ठेवला, कपाचा कान उजव्या हाताला येईल असा. माणूस वाईट नव्हता.

काही लोक मला बिचारी समजतात आणि काही लोक मला काहीतरी दिव्य शक्ती आहे असं समजतात. एका बाईंनी तर मला मुलाच्या लग्नाचं कधी जमेल ते विचारलं. बिचारी आणि दिव्य ह्यांच्यामध्ये एक साधी, तापट, आळशी, गणितात कच्ची मुलगी उभी आहे, ती कुणाला दिसत नाही. आणि लोक म्हणतात आंधळी मी!

पण मागच्या आठवड्यात मजा झाली. बाजाराच्या गल्लीत माझा धक्का लागून कुणाची तरी पिशवी पडली. ती बाई माझी काठी न बघताच कडाडली, "डोळे फुटले का तुझे?" मी म्हटलं, "हो, जन्मतःच." मला वाटलं, संपलं, आता ही माझ्या पाठीवरून हात फिरवणार. पण नाही! म्हणाली, "मग कान उघडे ठेवून चालावं माणसाने. कांदे कोण गोळा करणार?" मी खाली बसले आणि चाचपडत कांदे गोळा केले. दादा, मी इतकी खूश झाले की येताना गुणगुणत आले. तिने मला माणसात धरलं होतं. निबंधात मी हेच लिहिलंय. ज्याला चुकल्यावर ओरडा बसतो आणि सांडलेलं भरायला लावतात तो माणूस, आणि ज्याला सगळं माफ आहे तो एकतर देव किंवा दगड. हे लिहिताना मला माझाच अभिमान वाटला. मॅडमनी शेरा दिला, 'विचार स्वतंत्र, पण संदर्भ नाहीत.' कांदेवालीचा संदर्भ कसा द्यायचा ते मला माहीत नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा मार्चअखेरीला सुरू होते. रायटरची वगैरे सगळी सोय झालेली आहे. काळजी नसावी. तू करत असशील असंही नाही म्हणा.

लवंगी


१९ जानेवारी

दादा,

आई फोनवर म्हणाली की माझी पत्रं तुला मिळतात आणि तू ती गॅरेजातल्या ड्रॉवरमध्ये पान्यांखाली ठेवतोस. पानेच बरे, निदान त्यांना रोज हात लागतो.

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं होतं. रायटरची सोय झालेली नाही. आजवर जी मुलगी माझे पेपर लिहायची तिचं कुटुंब दुसऱ्या गावी गेलं. मी मॅडमना सांगितलं तर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. अगदी मायेने म्हणाल्या, "माझ्या डोक्यात एक मुलगी आहे. आपल्याच विषयाची, तुझ्या एक वर्ष मागची. भारी हुशार. तुझं कुठे काही राहिलं तर सांभाळून घेईल."

मी विचारलं, "सांभाळून म्हणजे?"

त्या हसल्या. "अगं, तू विद्यापीठात पहिली आलीस तर किती जणांना धीर येईल! तुझ्यासारख्यांसाठीच म्हणतेय मी."

तू इथे असतास तर टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला असतास. पण तू नव्हतास. मी म्हटलं, "मॅडम, मला सांभाळून घेणारी नकोय, लिहून घेणारी हवीय. मानवी हक्कांच्या पेपरात दुसऱ्याची उत्तरं लिहून मी पहिली आले, तर तुम्ही आम्हाला वर्षभर शिकवलं काय?"

मॅडमना लागलं. बाई मनाने चांगल्या आहेत, माझ्यासाठी कचेरीच्या किती खिडक्यांवर भांडल्या आहेत. पण त्या दिवशी त्यांनी आवाज बदलला. "मग तुझी तू शोध. फेब्रुवारीअखेर नाव आलं नाही, तर परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष गेलं तर मला सांगू नकोस."

बरोबर होतं त्यांचं. मी उठून आले. मान ताठ होती, आईची शपथ. तेव्हापासून मी लोकांना विचारत सुटलेय. जी मुलगी 'हो' म्हणते ती लगेच पुढे म्हणते, "काळजी करू नकोस, मी आहे ना." ते ऐकलं की मी तिला 'नको' म्हणते. माझ्या खोलीतली मुलगी म्हणते, भीक मागणाऱ्याने एवढे नखरे करू नयेत. मी भीक मागत नाहीये, हेच तर तिला कळत नाही.

हे सगळं तुला का सांगतेय ते विचारू नकोस.

लवंगी


६ फेब्रुवारी

दादा,

आलं तुझं पत्र! आणि शाईने लिहिलेलं. गाढवा, मी ते वाचणार कशी? फोन कर म्हटलं तर तुझ्या जिवावर येतं आणि पत्र लिहिलंस तेही हाताने.

माझ्या खोलीतली मुलगी घरी गेली होती. मजल्यावर एकच दार उघडं होतं, बादलीचं. बादली म्हणजे कॉमर्सची पहिल्या वर्षाची मुलगी. वसतिगृहात पहिल्याच दिवशी माझी बादली तिने उचलली, मग तिची मी उचलली, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकींचं नाव घेत नाही. पण मला धीर निघत नव्हता. गेले तिच्या दारात आणि म्हटलं, "वाचून दाखवशील का?" ती म्हणाली, "आण."

असं वाचन मी जन्मात ऐकलं नव्हतं. ना आवाजात चढउतार, ना माया, ना काही. "'तू हट्टी आहेस, मूर्ख आहेस आणि तुझी जीभ कात्रीसारखी आहे.' पुढे. 'तुझ्यामुळे मी आईपासून लांब राहिलो.' इथे खाडाखोड आहे. खोडलेलं दिसतंय, वाचू का?" मी म्हटलं, वाच. "'तुझ्यामुळे' खोडून 'माझ्यामुळे' केलंय, मग तेही खोडून परत 'तुझ्यामुळे' केलंय." पुढे म्हणाली, "इथे काहीतरी सांडलंय. तेल असावं." मग शेवट वाचला. "'रायटर मिळत नसेल तर मी रजा टाकून येतो. ह्या वेळी तू सांगशील तेच लिहीन. मोडलेल्या गाडीची शपथ.'"

मोडलेल्या गाडीची शपथ म्हणे. तिथे मला हसू आलं आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसले. बादली म्हणाली, "दार लावून घे, वारा येतो."

दादा, तू येऊ नकोस. रागाने म्हणत नाही. तू आलास तर मला मनापासून बरं वाटेल, पण पेपरला नको. तुला जमणार नाही. तू माझ्यावर फार माया करतोस. मी चुकीचं बोलले की तुझा हात थांबणार नाही, तू कितीही शपथा घे. आणि मी सबंध पेपरभर कान लावून बसेन, पेन माझ्यापेक्षा जास्त तर चालत नाही ना. तसं बसण्यापेक्षा वर्ष गेलेलं परवडलं. माझं वर्ष गेलं तर ते माझं मी घालवलेलं असेल.

पत्र मात्र आणखी पाठव. बादली वाचेल.

लवंगी


२० फेब्रुवारी

दादा,

मिळाली! कोण ते ओळख. बादलीच!

मी तिच्या दारात गेले आणि सरळच म्हटलं, "माझी रायटर होशील?"

"मी का होऊ? तू मला आवडत नाहीस," ती म्हणाली.

"म्हणूनच विचारतेय."

तिने विचारलं, "आणि तू चुकीचं सांगितलंस तर?"

"तर चुकीचं लिहायचं."

"मला काय, मी लिहीन. तुझे गुण जातील, माझं काय जातंय?" दादा, माझ्या कानांना हे किती गोड लागलं म्हणून सांगू! तिने एकच अट घातली, परीक्षा होईपर्यंत सकाळी न्हाणीघरात तिचा नंबर पहिला. मी मान्य केलं. हक्काच्या लढाईत थोडी तडजोड चालते.

नाव द्यायला आम्ही दोघी मॅडमकडे गेलो. मॅडमनी बादलीला विचारलं, "हिला मदत करशील ना नीट?" बादली म्हणाली, "मदत नाही, लिहिणार आहे फक्त." अर्ज पुढे सरकवल्याचा आवाज आला. सही केल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "पास हो."

तुझी
लवंगी


२ एप्रिल

दादा,

काल मानवी हक्कांचा पेपर झाला. सगळं सांगते, मन लावून वाच.

आम्हाला वेगळी खोली होती, एक पंखा, एक पर्यवेक्षक आणि आम्ही दोघी. मी सांगत होते आणि बादलीचं पेन चालत होतं. मी थांबले की पेन थांबायचं. दादा, मी तोंड मिटलं की पेन गप्प व्हायचं! तुला त्याची किंमत कळणार नाही. मला वाटत होतं की माझ्या तोंडातून निघालेला शब्द थेट कागदावर जाऊन बसतोय, मध्ये कुणी त्याचे कपडे नीट करत नाहीये.

तिसरा प्रश्न हक्कांच्या दोन गटांचा होता. पहिल्यात बोलण्याचे, मत देण्याचे हक्क येतात आणि दुसऱ्यात शिक्षण, काम, आरोग्य. मी रंगात आले होते. झोकात सांगून गेले की शिक्षणाचा हक्क पहिल्या गटात येतो. पेन थांबलं.

बादलीने महिनाभर भिंतीपलीकडून माझी उजळणी ऐकली होती. तिला बरोबर उत्तर पाठ होतं. तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मला कळलं की मी काहीतरी चुकलेय, पण काय ते कळेना. नुसतं "काय झालं?" म्हटलं असतं तरी तिच्या आवाजावरून मी ओळखलं असतं. पर्यवेक्षक खिडकीपाशी होते. जीभ अगदी टोकापर्यंत आली होती, दादा. एवढं भांडून, वर्ष पणाला लावून मी जे मिळवलं होतं, ते मीच द्यायला निघाले होते.

मी म्हटलं, "लिही."

तिने लिहिलं.

बाहेर आल्यावर ती माझ्यावर तुटून पडली. "ते चूक होतं! शिक्षण दुसऱ्यात येतं! रोज सकाळी घोकत होतीस ना, माझी झोप मोडून? जीव वरखाली झाला माझा!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला जिवंत सोडलं असतंस का?"

मी तिला कडकडून मिठी मारली. तिने मला ढकलून दिलं आणि म्हणाली, अजून मी तिला आवडत नाही. पण चहा तिनेच पाजला.

गुण जातील. पण ती चूक अस्सल माझी आहे, घरी केलेली, भेसळ नसलेली. मी वसतिगृहापर्यंत काठी आपटत राणीसारखी चालत आले.

तुझी
लवंगी


१५ जून

दादा,

निकाल लागला. पास झाले, दुसऱ्या वर्गात. मानवी हक्कांत तर बाकी सगळ्या विषयांपेक्षा कमी. आई फोनवर दबक्या आवाजात म्हणाली, "पहिली नाही आलीस गं?" शेजारच्या काकूंनी विचारलं म्हणे, "बरं नव्हतं का तिला पेपरच्या वेळी?" मी आईला म्हटलं, काकूंना सांग, ठणठणीत होती. मॅडमनी मात्र बोलावून पेपरात काय लिहिलं ते विचारून घेतलं आणि हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "तिसऱ्या प्रश्नात काय गोंधळ घातलास? मी असते तर शून्य दिलं असतं." आणि हसल्या. त्यांनी मला इतक्या मोकळेपणी प्रथमच झापलं.

आता जे लिहायचंय ते लिहिते. इतकी वर्षं मी एवढंच धरून बसले की त्या शालांत परीक्षेत माझी उत्तरं माझी नव्हती. पण मग ती कुणाची होती? तुझी होती, दादा. शाळा अर्धवट सुटलेल्या, दिवसभर गाड्यांखाली झोपणाऱ्या मुलाने ती लिहिली, आणि बहुतेक बरोबर लिहिली. इतिहासात एक सोडून, तिथे तू दिवे लावलेस! माझा भाऊ परीक्षेला न बसता केंद्रात पहिला आला, हे मी गेला आठवडाभर भेटेल त्याला सांगतेय. बादलीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्याचं प्रमाणपत्र कुठाय?"

तेच तर. त्या उत्तरांवर तुझं नाव नाही. मला दुसऱ्याची उत्तरं मिळाली, आणि तुला तुझी स्वतःचीही मिळाली नाहीत. तू तुझं काय गमावलंस ते कधी मोजलंच नाहीस, मीही नाही. मला चुकायचा हक्क हवा होता. तुला तर वर्गात बसायचाही मिळाला नाही. मॅडमच्या त्या तासाला माझ्या जागी तू उभा राहायला हवा होतास.

बाहेरून परीक्षा देता येते. मी सगळी चौकशी केली आहे. पुढच्या मार्चला तू बस, तुझ्या नावाने.

तुझी
लवंगी


२६ ऑगस्ट

दादा,

तू आईला फोनवर जे बोललास ते तिने मला सगळं ऐकवलं. "पोरांच्या रांगेत बसलो तर मला शिक्षक समजून नमस्कार करतील." "पाना धरायचा हात आहे हा, पेन कसलं धरतोय." आणि हे सगळं बोलून झाल्यावर फॉर्म भरून आलास! मला सांगायला काय दातखीळ बसली होती?

अभिमान वाटतो, असं पत्रात लिहायचं नसतं म्हणतात, समोरचा शेफारतो. शेफार. मला तुझा फार अभिमान वाटतो.

आईकरवी माझ्याकडून 'महत्त्वाचे प्रश्न' काढून मागवलेस ते मात्र मिळणार नाहीत. सगळंच वाच.

तुझी
लवंगी


९ मार्च

दादा,

हे पत्र मी तुझ्या परीक्षेच्या शाळेत, व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितेय. कॉम्प्युटर आणला नाही, म्हणून ब्रेलची पाटी मांडीवर घेतलीय आणि टोच्याने एकेक टिंब टोचतेय. हे तुला वाचता येणार नाही. संध्याकाळी मीच वाचून दाखवीन, आणि जे लिहिलंय तेच वाचीन.

काल बस थांबली तेव्हा मला वाटलं होतं, आपण काय बोलणार इतक्या वर्षांनी? तू म्हणालास, "बारीक झालीस." मी म्हटलं, "तुझा आवाज जाड झालाय." मग तू बॅग घेतलीस आणि कोपर पुढे करून थांबलास, मी धरेपर्यंत. ओढलं नाहीस. तेवढ्यावर माझं अर्धं भांडण संपलं.

आज फाटकावर शिपायाने आपल्याला अडवलं तेव्हाची गंमत तू घाईत नीट ऐकलीही नाहीस. तो तुला म्हणाला, "ताईंना आत सोडा, तुमची रायटरची चिठ्ठी दाखवा." मी म्हटलं, "रायटर नाही हो, उमेदवार आहे तो. परीक्षा माझ्या भावाची आहे." किती मोठ्याने म्हटलं! सगळ्या फाटकाला ऐकू गेलं असेल. शिपाई तुला म्हणाला, "मग जा की साहेब, घंटा होईल." साहेब! तू धावतच सुटलास.

आता तू आत आहेस. इतिहासाचा पेपर आहे. खिडकी माझ्या डोक्यावरच आहे आणि पेनांची खरखर ऐकू येतेय. त्यातलं तुझं कुठलं ते मी शोधतेय. काल उजळणी करताना तू ते एक साल सारखं चुकत होतास. मी सांगितलं, तू परत चुकलास, मी परत सांगितलं, तेव्हा तू मला गप्प बसवलंस. तेच साल आलं असेल तर? तू आत्ता तेच चुकीचं लिहीत असशील तर?

दादा, मी नुसती खोकले तरी तुला ओळखू येईल. उठून खिडकीपाशी जावं आणि एकच शब्द आत टाकावा, असं मघापासून वाटतंय. टोचा सारखा निसटतोय. तू किती वर्षांनी बाकावर बसलायस आणि मला उत्तर माहीत आहे! त्या वेळी तू तर माझ्या शेजारीच बसला होतास, आणि पेन तुझ्या हातात होतं. माझ्या हातात आज पेन असतं तर मी सुधारलं असतं. तुझ्याहून जास्त सुधारलं असतं. तुला मी काय काय बोलले होते रे. राग गेलाय, आत्ताच गेला, इथे बसल्या बसल्या.

शिपाई विचारून गेला, पाणी हवंय का. नको म्हटलं. बाकाची कड एका हाताने घट्ट धरलीय आणि दुसऱ्याने हे टोचतेय.

लिही, दादा. बरोबर असो, चूक असो, तुझं तू लिही. मी उठत नाहीये.